काचेच्या गावातला फर्मा

आमच्या घरी शिवणाच्या मशीनच्या खणात एक पत्र्याचा डबा असे. डबा मुळात बिस्किटांचा. पण ती बिस्किटे कोणी आणि केव्हा खाल्ली, हे घरात कोणालाच आठवत नव्हते. मला समजू लागले तेव्हापासून त्यात गुंड्याच होत्या. फाटलेल्या सदऱ्यांच्या शिंपल्याच्या गुंड्या, आजोबांच्या कोटाच्या शिंगाच्या गुंड्या, एखाददुसरी पितळेची, आणि सर्वांत तळाशी, कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेल्या, काचेच्या सहा निळ्या गुंड्या. त्या आईच्या माहेरून आलेल्या. तिच्या आईने दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कधीतरी बोहऱ्याच्या दुकानातून घेतलेल्या. आठ पैलूंची लहानशी गुंडी, पण उन्हात धरली की भिंतीवर निळे चांदणे पडे.

एकदा मी ती गुंडी अण्णांना दाखवली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, अंगठ्याच्या नखाने तिची कड चाचपली आणि म्हणाले, "ही रेघ लागते का हाताला? केसाएवढी? ती काचेची नव्हे हो, फर्म्याची. आणि हा पैलू चकाकतो ना, तोसुद्धा काचेचा नव्हे. फर्म्याचाच."

अण्णा काचेच्या कारखान्यात होते. पण काच ते करीत नसत. शाळेत मास्तरांनी विचारले की मी ऐटीत सांगे, "वडील काचेच्या कारखान्यात असतात," आणि मुलांच्या डोळ्यांपुढे लांब नळीने काच फुंकणारा, भट्टीपुढे घामाने निथळणारा कोणी वीर उभा राही. प्रत्यक्षात अण्णा भट्टीपासून बरेच दूर, उत्तरेकडच्या खिडकीशी एका लाकडी स्टुलावर बसून दिवसभर लोखंड घाशीत. पेले, दौती, कंदिलाची भिंगे ज्यांत दाबून काढतात ते लोखंडी आणि पोलादी साचे आतून गुळगुळीत करणे हे त्यांचे काम. कारखान्यात साच्याला साचा म्हणत नसत, फर्मा म्हणत. अण्णांच्या दोन्ही अंगठ्यांत काळेपणा असा मुरला होता की गणपतीत आरतीचे तबक धरले तरी आत्या हळूच म्हणे, "अरे, हात धुतलेस का?"

या दिवाळी अंकाच्या वाचकांना मी सांगणार आहे ती हकिगत एका परदेशच्या गावाची आहे. पण त्या गावी मी का गेलो, हे समजण्यासाठी आधी आमच्या घरातली एक दिवाळी सांगणे भाग आहे.

ती १९६२ सालची दिवाळी. मी तेव्हा नऊ वर्षांचा. कारखान्याला रेल्वेच्या सिग्नलची तांबडी भिंगे करण्याचे काम मिळाले होते. भिंगाच्या आतल्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांची वर्तुळे असत, म्हणून दिव्याचा उजेड चहूकडे न विखुरता सरळ गाडीच्या दिशेने जाई. फर्मा पोलादी होता आणि तो अण्णांच्या हाती आला होता. माल दिवाळीपूर्वी निघायचा होता. अण्णांनी दोन रात्री जागून फर्मा चकाकवला. साहेबांनी पाहिला, पाठ थोपटली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी स्वतःच जाऊन सांगितले, "साहेब, फर्मा देत नाही. साल आली आहे."

नमद्यावर फार जोराने आणि फार वेळ घासले, की पोलाद गुळगुळीत व्हायच्या ऐवजी त्यावर नारिंगाच्या सालीसारखे बारीक उंचवटे उठतात. डोळ्यांना ते एकदम दिसत नाहीत. त्याला उपाय एकच: मागे जायचे, पुन्हा बारीक दगडाने सगळे खरडायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. साहेबांचे म्हणणे असे, की एवढ्याशा सालीने गाडी काही रुळांवरून उतरत नाही. अण्णांचे म्हणणे असे, की पावसाळ्या रात्री ड्रायव्हरला दिवा लांबून स्वच्छ दिसला पाहिजे. वाद झाला. अण्णांनी फर्मा हातचा सोडला नाही. आणखी तीन दिवस घासला. माल उशिरा गेला. त्या तीन दिवसांचा पगार कापला गेला आणि दिवाळीचा बोनसही.

त्या वर्षी नवा कपडा आला नाही. आईने माझा जुना सदरा धुऊन, कडक इस्त्री करून त्यावर पुडीतल्या निळ्या गुंड्या लावल्या. भाऊबीजेच्या दिवशी मावशीच्या मुलांनी विचारले, "हा मुलींच्या झंपराच्या गुंड्या का घालतो?" मी घरी येऊन रडलो; आणि अण्णांशी चार दिवस बोललो नाही. खरे सांगायचे तर तो राग पुढे कित्येक वर्षे माझ्या मनात बारीक खड्यासारखा राहिला. एवढ्याशा न दिसणाऱ्या सालीसाठी घरची दिवाळी घालवणारा माणूस मला हट्टी वाटे. अण्णा १९८८ साली गेले. मी बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो. तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

* * *

आमची लेक आणि जावई प्रागला असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे गेलो. प्रागमधला किल्ला, पूल, घड्याळ सगळे यथासांग पाहून झाले, आणि एका संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, काचेचे मणी आणि गुंड्या जिथे होतात ते गाव इथून शंभर किलोमीटरवर आहे. याब्लोनेत्स. जायचं?" मी हो म्हणण्याआधीच आमच्या सौ.ने पिशवी भरायला घेतली. तिला मण्यांच्या माळा घ्यायच्या होत्या. मी मात्र गुपचूप माझ्या पाकिटाचा चोरकप्पा तपासला. प्रवासाला निघताना डब्यातली एक निळी गुंडी मी बरोबर घेतली होती. का, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते.

प्रागहून उत्तरेला निघाले की म्लादा बोलेस्लाव लागते. तिथे स्कोडा मोटारी होतात. पुढे तुर्नोव्ह, तिथले कारागीर तांबड्या गार्नेट खड्यांना पैलू पाडण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाकबगार. मग सपाटी संपते, रस्ता चढू लागतो, दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंच काळपट झाडे दाटतात, आणि डाव्या हाताला, लिबेरेत्स शहराच्या माथ्यावर, येश्त्येद डोंगराचे टोक दिसू लागते. त्या टोकावर १९७३ साली पुरा झालेला एक मनोरा आहे. खाली हॉटेल आणि वर प्रक्षेपणाचा खांब. मनोऱ्याचा आकार असा साधला आहे, की डोंगर कुठे संपला आणि इमारत कुठे सुरू झाली हे कळू नये. सौ. म्हणाली, "समईवर ज्योत लावावी तसं दिसतं." मला तिची उपमा आवडली, पण चारचौघांत कबूल केले नाही.

याब्लोनेत्स हे यिझेरा डोंगरांच्या पायथ्याशी, निसा नदीच्या काठी वसलेले गाव. नावाचा अर्थ सफरचंदाच्या झाडाशी निगडित, आणि गावाच्या चिन्हातही ते झाड आहे. जंगल होते म्हणून भट्टीला लाकूड मिळाले; डोंगरातून ओढे येत होते म्हणून घासण्याच्या चाकांना पाणी मिळाले; शेती यथातथाच, म्हणून माणसे कारागिरीकडे वळली. आपल्या कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे वळली, तसेच. फरक एवढाच, की यांना गाव सोडावे लागले नाही. गिरणीच घरोघर आली. एका घरी काचेच्या कांड्या तापवून मणी दाबायचे, दुसऱ्या घरी त्यांना पैलू, तिसऱ्या घरी बायकामुलांनी ओवून माळा करायच्या, आणि गावातला व्यापारी त्या जगभर धाडायचा.

असल्याच एका निर्यातदार पेढीच्या १९०४ सालच्या देखण्या इमारतीत आता काच आणि दागिन्यांचे संग्रहालय आहे. आत शिरलो आणि दिवाळीच्या बाजारात शिरल्यासारखे झाले. मणी, गुंड्या, ब्रूच, कर्णफुले, झुंबरांचे लोलक! सौ. एका कपाटापुढे उभी राहिली ती हलेच ना. "अहो, हे पाहा. ह्या तर आपल्या बांगड्या!"

तिचे काही चुकले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानात ज्या विलायती काचेच्या बांगड्या आणि मणी येत, त्यांचा फार मोठा वाटा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून येई, आणि बोहेमियाचा हा डोंगराळ मुलूख त्याच साम्राज्यात होता. गावाचे जर्मन नाव गाब्लोन्त्स. आपल्या पणजीने हातात भरलेली हिरवी बांगडी कदाचित याच रस्त्यावरून खोक्यात बसून निघाली असेल. जिने सौभाग्याचे लेणे म्हणून ती जपली तिला गाब्लोन्त्स ठाऊक नव्हते, आणि ज्याने ती केली त्याला सौभाग्य म्हणजे काय ते ठाऊक नसावे. पण माप मात्र दोघांनाही अचूक ठाऊक होते.

आपल्याकडे स्वदेशीची हवा उठली ती या मालाच्याही विरुद्ध. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९०८ साली तळेगावला त्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. अण्णांचा कारखाना या दोहोंपैकी नव्हे; पण त्याच वाऱ्यावर रुजलेल्या अनेक झाडांपैकी तेही एक. पहिले महायुद्ध पेटताच ऑस्ट्रियाचा माल बंद पडला, मागोमाग जपानी माल आला, फिरोझाबादच्या भट्ट्या वाढल्या. बोहेमियाची बांगडी आपल्या हातातून हळूहळू निघून गेली.

या गावाने आणखी मोठे घाव सोसले आहेत. इथली बहुतेक वस्ती जर्मन बोलणारी. १९४५ नंतर त्यांना देश सोडावा लागला. बव्हेरियात काउफबॉयरेन शहराजवळ दारूगोळ्याच्या एका उद्ध्वस्त कारखान्याच्या जागेवर त्यांनी नवी वस्ती वसवली आणि तिचे नाव ठेवले नॉयगाब्लोन्त्स, म्हणजे नवे गाब्लोन्त्स. तिथेही त्यांनी पुन्हा दागिनेच करायला घेतले. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत येऊन पुन्हा दुकान मांडणारी सिंधी मंडळी मला आठवली. घर सुटते, हात सुटत नाही. स्फटिकांसाठी जगभर प्रसिद्ध झालेले डॅनियल स्वारोव्स्कीही मूळचे याच डोंगरांतले. १८६२ चा जन्म. काच कापण्याचे यंत्र त्यांनी इथेच बसवले, पण कृती कोणी उचलू नये म्हणून १८९५ साली ते ऑस्ट्रियातल्या वाटेन्स गावी निघून गेले.

* * *

संग्रहालयात सगळे काही होते. पण मी जे शोधत होतो ते काचेच्या कपाटात नव्हते. लेकीने कोणाकोणाला फोन केले आणि दुसऱ्या दिवशी डोंगरात वरच्या अंगाला असलेल्या एका छोट्या कारखान्यात आमची वर्णी लागली. कारखाना कसला, आपल्या गावाकडच्या लोहारशाळेला छप्पर नीट घातले आणि खिडक्या मोठ्या केल्या तर दिसेल तसा.

भट्टी बुटकी, तोंड लहान. आत काचेच्या लांब कांड्या शेणकुटासारख्या नव्हे, तर उदबत्त्यांच्या जुडीसारख्या नीट लावलेल्या. दाबणारा कारागीर एक कांडी ओढतो. तिचे टोक पाकातल्या जिलबीसारखे लवलवत असते. ते टोक सांडशीसारख्या एका दाबयंत्राच्या जबड्यात जाते, जबडा मिटतो, उघडतो, आणि बाहेर येते मण्यांची एक पट्टी. मण्याला भोक पाडणारी सुई त्याच क्षणी आत जाऊन परत येते. पुन्हा कांडी भट्टीत, पुन्हा जबड्यात. माणूस बोलत नाही, घड्याळ पाहत नाही. काच जेवढी सवड देते तेवढ्यातच सगळे. पुढे पट्टी सावकाश निवते, मणी सुटे होतात, कडेची काचेची पापडी झाडली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने सहा युरोपीय देशांतल्या हाताने काच घडवण्याच्या विद्येला मानवजातीच्या वारशात जागा दिली. त्यांत झेक देशही आहे. पण वारसा म्हणजे जपून ठेवायची वस्तू असे इथे कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. ठरलेला माल संध्याकाळपर्यंत निघायला हवा होता.

मी मालकांना विचारले, "साचे कुठे होतात?" लेकीने झेकमध्ये सांगायला तोंड उघडले, तोच सवयीने माझ्या तोंडून गेले, "फर्मा." मालकांनी भुवया उंचावल्या. "फोर्मा?" ते हसले आणि थेट मागच्या खोलीकडे बोट दाखवून चालू लागले. झेक भाषेतही साच्याला फोर्माच म्हणतात! हा शब्द युरोपातूनच कोणत्यातरी वाटेने आपल्याकडे आला असावा. अण्णांचा शब्द ऐकायला मी पाच हजारांहून अधिक किलोमीटर आलो, आणि तो मला दारातच भेटला.

मागच्या खोलीत उत्तरेकडे खिडकी होती. खिडकीशी लाकडी स्टूल. स्टुलावर पंच्याहत्तरीचे एक आजोबा, अंगात निळा डगला, कपाळावर सरकवलेले भिंग. आणि त्यांचे अंगठे! मी नमस्कार केला आणि पाहतच राहिलो. तोच काळेपणा, तिथेच, नखाच्या मुळाशी.

त्यांचे काम मी तासभर पाहिले. फर्म्याचा पोलादी अर्धा भाग चिमट्यात पकडलेला. आत कोरणाऱ्याने पैलू कोरून दिलेले. पण कोरणीच्या रेघा अजून दिसताहेत. आजोबा आधी भरड दगडाची कांडी तेलात बुडवून एका दिशेने घासतात. मग दगड बदलतात, अधिक बारीक. आणि आता घासायचे ते आडव्या दिशेने. उभ्या रेघा एकूण एक पुसल्या जाईपर्यंत थांबायचे नाही. एक जरी खोल रेघ मागे राहिली तरी ती पुढे चकाकीत उठून दिसते, जशी नव्या चुन्याखालची जुनी भेग. दर बदलाच्या वेळी फर्मा स्वच्छ धुवायचा, हातही धुवायचे. कारण भरड दगडाचा एकच कण बारीक कामात शिरला तर दिवसभराची मेहनत पाण्यात. दगड संपले की हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट. ती नळ्यांत येते, आणि नळीवर कणाचे माप असते: पंधरा मायक्रॉन, सहा, तीन, एक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. ती पेस्ट लाकडाच्या टोकदार काडीवर, मग नमद्यावर. अण्णांकडे हिऱ्याची पेस्ट नव्हती. एमरीची पूड तेलात कालवून, आणि शेवटी तांबडी रूज. पण पायऱ्या त्याच, क्रम तोच.

आजोबा सर्वांत सांभाळत होते ती फर्म्याची कड, जिथे दोन अर्ध्या भागांची ओठांशी ओठ गाठ पडते. आत चकाकवण्याच्या भरात ती कड गोलावली, तर काच त्या फटीत शिरते आणि मण्याला जाड पापडी येते. म्हणून कडेजवळ काडी हलकी, जवळजवळ श्वासाइतकी.

"एवढी चकाकी कशाला? काच स्वतःच चकाकते ना?" सौ.ने विचारले. चौकशी अगदी रास्त होती. उत्तर लेकीने भाषांतर करून सांगितले. तापलेली काच थंड धातूला टेकली की तिची कातडी तिथल्या तिथे गोठते, आणि धातूचा चेहरा तिच्यावर जसाच्या तसा उमटतो. फर्मा फार थंड असेल तर काचेला सुरकुत्या पडतात. फार तापला तर काच त्याला चिकटून बसते. या दोन्हींच्या मध्ये जी चिंचोळी वाट आहे, तिच्यावरून काच नीट गेली, तरच फर्म्याची चकाकी तिला मिळते.

मला वाचलेली एक गोष्ट आठवली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावी १८२५ साली काचेचा कारखाना निघाला आणि तिथे यंत्राने दाबलेल्या बशा होऊ लागल्या. फर्म्याला टेकून काच अंध होई, सुरकुते. त्यावर तिथल्या लोकांनी तोड काढली: बशीभर बारीक ठिपक्यांची, जाळीदार लेससारखी नक्षी. ठिपक्यांच्या लखलखाटात दोष दिसेनासा झाला, आणि तीच काच आज संग्राहक हजारो डॉलर देऊन घेतात. अण्णा म्हणत, "नक्षी झाकते, सपाटी बोलते." सिग्नलच्या भिंगावर नक्षी काढता येत नाही.

आणि आता तर सपाटीचे राज्य आहे. चष्म्याचे वा कॅमेऱ्याचे साधे भिंग गोलाचा तुकडा असते, म्हणून ते फिरवून घासता येते. पण गोल नसलेल्या, जरा वेगळ्या वळणाच्या एका भिंगात दोन-तीन साध्या भिंगांचे काम होते. ते एकेक करून घासणे फार खर्चाचे. मग युक्ती अशी, की मेहनत एकदाच करायची, ती फर्म्यावर; आणि त्यातून हजारो भिंगे दाबून काढायची. कोडॅकच्या १९८२ सालच्या डिस्क कॅमेऱ्यात असे दाबून घडवलेले काचेचे भिंग होते. आज डिजिटल कॅमेऱ्यांत ते सर्रास असते. त्याचा फर्मा टंग्स्टन कार्बाइडसारख्या अतिकठीण पदार्थाचा, वर मौल्यवान धातूचा पातळ थर, आणि त्याचा खडबडीतपणा मोजायचा तो मायक्रॉनमध्ये नव्हे, मायक्रॉनच्या हजाराव्या भागात. नातवाच्या वाढदिवसाचा फोटो स्वच्छ येतो तेव्हा आपण कॅमेऱ्याला शाबासकी देतो. खिडकीशी बसलेल्याला कोणी देत नाही.

* * *

निघायच्या आधी मी पाकिटातून गुंडी काढली आणि आजोबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढले. बराच वेळ पाहिली. नखाने कड चाचपली. अगदी तशीच. मग ते बोलले आणि लेक सांगू लागली.

"म्हणतात, इथली असेल. जपानचीही असू शकेल. खात्री देता येणार नाही. ही रेघ आहे ना, ती फर्म्याची नव्हे. सांडशीची खीळ ढिली झाली होती, म्हणून दोन भाग केसभर सरकले. पैलू उत्तम आहेत. घासणाऱ्याचा यात काही दोष नाही."

घासणाऱ्याचा यात काही दोष नाही! कोण कुठला तो, पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वी गेलेला कारागीर. त्याची निर्दोष सुटका झाली, आणि डोळे माझे भरून आले. मी लेकीला म्हटले, "त्यांना विचार, फर्म्याला साल आली तर काय करतात?" साल हा शब्द तिला झेकमध्ये सापडेना. शेवटी मी सौ.च्या पिशवीतले संत्रे काढले, त्याच्या सालीवर बोट ठेवले आणि मग फर्म्यावर.

आजोबा मोठ्याने हसले. उठले, कपाटाच्या खणातून चिंधीत गुंडाळलेला एक पोलादी तुकडा काढला आणि खिडकीसमोर धरून मला जवळ बोलावले. सरळ पाहिले तर आरसा. त्यांनी तो जरा कलता केला. खिडकीच्या उभ्याआडव्या चौकटीचे प्रतिबिंब त्यात पडले होते, आणि त्या सरळ रेघा मध्येच थरथरत होत्या, विहिरीत खडा टाकल्यावर कठड्याचे प्रतिबिंब थरथरते तशा. तरुणपणी घाईने घासलेला तो फर्मा. तो परत दुरुस्त करण्याजोगा राहिला नव्हता. तेव्हापासून जवळ ठेवला आहे. नवा शिकाऊ आला की पहिल्या दिवशी दाखवतात.

"हा चालवला असता तर?" मी विचारले.

आजोबांनी खांदे उडवले. लेक म्हणाली, "म्हणतात, कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण याच्यातून निघालेल्या प्रत्येक मण्यात ते असतं. एकात नाही, लाखात."

अण्णांनी त्या दिवशी साहेबांना काय सांगितले असेल ते मला तेव्हा, त्या परक्या खिडकीशी, प्रथमच नीट ऐकू आले. काचेत केलेली चूक एका वस्तूत राहते. फर्म्यात केलेली चूक त्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूत जाते, आणि तिथून पुढे ज्या रात्री, ज्या पावसात, ज्या रुळांवर ती भिंगे जातील तिथपर्यंत जाते. ज्याच्या हाती फर्मा आहे त्याला एकाच दिवाळीचा विचार करून भागत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळणे शक्य नव्हते. पण पन्नाशीच्या, साठीच्या मुलाला कळायला हरकत नव्हती. मी विचारले नाही, एवढाच काय तो अपराध. आणि तो अण्णांचा नव्हे.

मी गुंडी परत घेतली नाही. आजोबांनी ती घ्यायला बरेच आढेवेढे घेतले, मग चिंधीत त्या फसलेल्या फर्म्याशेजारी ठेवून खण लावून टाकला. निघताना मी हात पुढे केला. त्यांनी आपला हात डगल्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. तरीही माझ्या बोटाला थोडे काळे लागलेच. सौ. म्हणाली, "अहो, रुमाल देऊ?" मी म्हटले, "राहू दे."

डब्यात आता पाच निळ्या गुंड्या आहेत. यंदा दिवाळीला लेक, जावई, नातू इकडे येणार आहेत. नातवासाठी सदरा शिवायला टाकला आहे. आणि गुंड्या कोणत्या लावायच्या ते शिंप्याला मी स्वतः जाऊन सांगून आलो आहे. कोणी हसले, तर त्याला काय सांगायचे तेही नातवाला आधीच सांगून ठेवणार आहे.